सालीसकट

धाकट्याचं, म्हणजे दादाच्या मुलाचं, लग्न झालं त्या वर्षी द्राक्षं लवकर पिकली, आणि तीही नेमकी लग्नाच्या आठवड्यात. तारीख मुलीकडच्यांनी धरली होती. कापडाचा धंदा करणारी माणसं ती, त्यांना द्राक्षांशी काय देणंघेणं? लग्न जरा पुढे ढकलता येईल का, असं दादाने विचारून पाहिलं, तर व्याही म्हणाले, "द्राक्षंच थोडी पुढे ढकला की राव." दादा घरी येऊन दोन दिवस तेच वाक्य सगळ्यांना ऐकवत फिरत होता. त्याला हसू येत होतं की राग, ते त्याचं त्यालाच ठरवता येत नव्हतं.

शेवटी पांढरी द्राक्षं लग्नाला निघायच्या दिवशीच, पहाटे दव असताना तोडली. दादा आणि धाकटा दोघांनी मिळून ती चिरडून हौदात टाकली. नवरदेवाच्या नखांतला चिकटा लग्नातसुद्धा निघाला नव्हता.

पांढऱ्या वाइनची रीत साधी आहे. द्राक्षं चिरडली की त्याच दिवशी दाबून रस वेगळा काढायचा, सालं आणि बिया टाकून द्यायच्या. रसाने एकट्याने आंबायचं. सालं आत राहू द्यायची ती लाल वाइनमध्ये, कारण रंग आणि तुरटपणा सगळा सालीतून येतो. हे या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि तरी त्या दिवशी हौदावर झाकण पडलं ते सालीसकट.

याचं मूळ बापूंपर्यंत जातं. अक्का, दादा आणि अण्णा या तिघा भावंडांचे ते वडील. त्यांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली, पण त्यांची एक शिस्त घरात अजून टिकून होती. कामाबद्दल 'झालं का?' असं कुणी कुणाला विचारायचं नाही. ज्याचं काम त्याने करायचं. विचारणं म्हणजे संशय घेणं, आणि संशय घेणं म्हणजे चारचौघांत थोबाडीत मारणं, असं बापूंचं म्हणणं. लहानपणी एकदा अण्णाने अक्काला, "पिंप धुतलंस का गं?" असं विचारलं, तर बापूंनी अण्णालाच तीन पिंपं धुवायला बसवलं. तेव्हापासून या घरात लोक एकमेकांना तब्येत विचारत, हवा विचारत, जेवणात मीठ किती ते विचारत, पण काम झालं का ते कधी नाही.

तर त्या दिवशी दादाला वाटलं, रस अक्का दाबून घेईल. तळघर अक्काचं होतं. तेच तिचं माहेर आणि तेच सासर. अक्काला वाटलं, बाप आणि लेक दाबूनच अंघोळीला गेले असणार. अण्णा लग्नासाठी बाटल्या घ्यायला तळघरात उतरला, हौदावर नीट झाकण बघून खूश झाला आणि शीळ वाजवत वर आला. वहिनीने, म्हणजे दादाच्या बायकोने, दाबायचं यंत्र कोरडं ठणठणीत उभं असलेलं खिडकीतून पाहिलं होतं. तिला वाटलं, किती लवकर धुऊन वाळवलंसुद्धा. मग बस आली, सगळे चढले आणि गात गात गेले.

आठवडा उलटून गेल्यावर अक्काने झाकण काढलं. रसावर सालींचा जाड थर आला होता, थंडीतल्या रजईएवढा. तिने हात घातला तर आत ऊब. हौद पोटभर आंबून, दमून, आता शांत व्हायच्या बेतात होता. अक्का तिथेच पायरीवर बसली. मग उठून तिने एकटीने ते सगळं दाबलं, निघालेली वाइन पिंपात भरली, बूच ठोकलं आणि पिंप सगळ्यात मागे, जुन्या शिडीआड, लोटलं. ऐन थंडीत एकदा चाखून पाहिली, तर जिभेला लाकूड घासल्यासारखं झालं. पुन्हा तोंडाला लावली नाही. पिंपातली वाइन आटली की वरून भर घालायची, तेवढं करायची. तेही तोंड दुसरीकडे वळवून.

घरात सगळ्यांना कळलं होतं. कुणी काही बोललं नाही. विचारायचं नाही ना!

---

वेलींना पहिली पानं फुटली की येणाऱ्या रविवारी घरात पिंपं चाखत. तळघराच्या वर लांबट खोली होती. तिला रस्त्याच्या बाजूने तीन खिडक्या, आणि मधोमध इतकं मोठं टेबल, की ते आत कसं आणलं याचा उलगडा कुणालाच झाला नव्हता. प्रत्येक पिंपातली एक एक बाटली वर यायची. चांगलं असो वाईट असो, लपवायचं काही नाही, हीसुद्धा बापूंचीच शिस्त.

त्या वर्षी अण्णा सकाळीच शहरातून आला तो पत्र्याची मोठी घमेली बर्फाने भरून घेऊन. माल विकायचं काम अण्णाकडे होतं. त्याने लग्न केलं नव्हतं. वहिनी म्हणायची, भावोजींचं लग्न त्यांच्या बुटांशी झालंय, आणि संसार सुखाचा चाललाय. आजही बूट आरशासारखे होते.

"हे काय, मासे आणलेस का?" अक्काने विचारलं.

"पांढऱ्या वाइन थंड लागतात, अक्का. मोठ्या हॉटेलात अश्शाच देतात. बर्फात मीठ टाकून. हात लावून बघ, बोट गळून पडेल."

"इतकी वर्षं विहिरीत सोडत होतो, कुणाचं बोट गळलं नाही."

"म्हणूनच," अण्णा म्हणाला. त्या 'म्हणूनच'चा अर्थ काय, ते त्याने सांगितलं नाही.

सांगितलं ते टेबलाशी बसल्यावर. सगळे होते. दादा खिडकीशी, नेहमीच्या जागी, पायातला चिखल तसाच ठेवून. वहिनी भाजलेली कोंबडी, भाजलेले कांदे, पाव, चीज आणि अक्रोडांची वाटी मांडत होती. धाकटा बाटल्यांची बुचं काढत होता. आणि टेबलाच्या टोकाला नवी सून बसली होती. घरात येऊन तिला अजून वर्ष झालं नव्हतं. हसरी मुलगी, पण चाखायला आज पहिल्यांदाच या टेबलाशी बसली होती, म्हणून हसू आवरून बसली होती.

"आधी एक बोलून घेतो," अण्णा म्हणाला. "म्हणजे मग चव बिघडायला नको. नदीपलीकडच्या वाइनच्या कारखान्यात एक माणूस आहे. शिकलेला, हुशार, स्वभावाने बरा. तो यायला तयार आहे."

"जेवायला?" वहिनीने विचारलं.

"तळघर बघायला."

"बघू दे की," अक्का म्हणाली. "बघायला काय लागतंय?"

अण्णाने बुटांकडे पाहिलं. "सांभाळायला गं, अक्का."

अक्काने अक्रोड उचलला, फोडला, आणि खाल्ला नाही.

"तुला आता सत्तर होतील," अण्णा भरभर बोलू लागला. "पायऱ्या किती आहेत खाली! मी तुझ्या भल्याचंच..."

"पायऱ्यांना काय झालंय? त्या मला कधी म्हणाल्या नाहीत."

"पायऱ्यांचं नाही. त्या पिंपाचं म्हणतोय मी. मागचं पिंप. शिडीआडचं."

तर निघालं एकदाचं. अक्काला खरं सांगायचं तर बरंच वाटलं. सगळा हिवाळा ते पिंप तिच्या छातीवर ठेवल्यासारखं होतं. पण हातांना काय झालं कुणास ठाऊक, ते तिने पदराखाली घेतले. खाली जायचं नाही म्हणजे सकाळी उठून करायचं काय, एवढा एकच विचार तिच्या डोक्यात आला.

ती दादाकडे पाहू लागली. घरात मोठी गोष्ट ठरायची ती तिघांच्या मताने. अण्णाचं मत कळलं होतं, तिचं सांगायची गरज नव्हती, उरला दादा. दादा लहानपणापासून अक्काच्या बाजूचा. पण तो वेलींमधला माणूस; झाड फळ देत नसेल तर तो कारण विचारत नसे.

"आधी चाखू," दादा म्हणाला. "ते पिंप चाखू, मग बोलू. पिण्याजोगं असेल तर विषय बंद. नसेल तर... नसेल तर अण्णाचं ऐकावं लागेल, अक्का."

"ऐकू की," अक्का म्हणाली. तिला ठाऊक होतं काय होणार ते.

---

सुरुवातीची चार पिंपं छान निघाली. लालमधल्या एकाला तर दादाने टेबलावर थाप मारली. तो थाप मारतो म्हणजे पसंत. मग धाकट्याने बर्फातून ती बाटली उपसली. काचेवर हिमाचा थर होता. पुसून त्याने सहा पेल्यांत ओतली.

रंग बघूनच सगळे पुढे वाकले. पांढरी म्हणून जी पिवळसर पाण्यासारखी दिसायला हवी, ती तांबूस पिवळी, जुन्या पितळेसारखी दिसत होती.

"कोऱ्या चहासारखी दिसतेय," वहिनी म्हणाली.

"गंजक्या खिळ्याचं पाणी," दादा म्हणाला.

प्याले. हिरवं केळं सालीसकट चावावं तसं झालं. अण्णाने तोंड वेडंवाकडं करून बादलीत थुंकलं आणि रुमालाने जीभ पुसली, खरोखर जीभ पुसली. दादाने गिळलं आणि डोळे मिटले. धाकटा म्हणाला, "दातांवर लोकर आलीय." अक्काने हुंगून पाहिलं. काही वास नाही. चव घेतली तर थंडगार तुरटपणा, बाकी काही नाही. हिवाळ्यात लागली होती त्याहून वाईट.

"दारू गाळणाऱ्याकडे पाठवा," ती म्हणाली आणि पेला पुढे सरकवला. "विषय बंद कर, दादा. बोलाव रे तुझ्या माणसाला, अण्णा."

तिने इतक्या सहज सांगितलं की अण्णालाच वाईट वाटलं. आणि अण्णाला वाईट वाटलं की त्याला राग यायचा.

"पण असं झालंच कसं, मी म्हणतो! तीन पिढ्या वाइन करणारं घर, आणि पांढऱ्या द्राक्षांची सालं विसरतं?"

"मला काय विचारतोस?" दादा उसळला. "मी चिरडून हौदात टाकली. माझं काम तिथे संपतं. पुढचं तळघराचं."

"हो का?" हे वहिनी बोलली. तिचा आवाज चढला की कांद्याची सुरी हातात असायची, का ते देव जाणे. "मागच्या वर्षी कुणी दाबली? तुम्ही. त्याच्या मागच्या वर्षी? तुम्ही. यंदा बरं तळघराचं काम झालं ते!"

"मागच्या वर्षी अक्काचा हात दुखत होता."

"आणि यंदा माझा लग्नाचा डगला शिवत होता शिंपी," धाकटा मध्येच म्हणाला. "मी निघालो तेव्हा बाबा म्हणाले, तू जा, पुढचं बघून घेतो."

"मी असं म्हणालो?"

"म्हणालात."

"म्हणजे अक्का बघून घेईल, असं म्हणालो असेन!"

"तरी मी म्हणतेच आहे," वहिनी अक्काच्या शेजारची खुर्ची ओढून तिथे जाऊन बसली. "चूक कुणाची आणि तळघरातून जायचं कुणी. वन्सं, तुम्ही एक अक्षर बोलू नका, मी आहे."

आता वहिनी दादाच्या विरुद्ध बसली म्हटल्यावर दादा उठला आणि अण्णाच्या बाजूला जाऊन बसला. दहा मिनिटांपूर्वी जो अक्काच्या बाजूचा होता, तो अण्णाच्या ताटातला पाव खात, "शिकलेला माणूस असला म्हणजे असं होत नाही," असं सांगू लागला. धाकटा दोन्ही बाजूंच्या मध्ये बाटली घेऊन उभा राहिला.

"आणि तू रे, अण्णा!" वहिनी रागाच्या भरात 'भावोजी' विसरली. "तू तर खाली गेला होतास. हौद तुझ्या नाकासमोर होता."

"झाकण होतं त्यावर! झाकण असलं म्हणजे काम झालेलं असतं, असं मी धरून चालतो. उघडून बघायचं म्हणजे काय, अक्काचा अपमान करायचा? तुम्हीही पाहिलं होतंत ना यंत्र? कोरडं?"

"मला वाटलं धुतलं."

"धुऊन इतक्यात वाळतं?"

"ऊन होतं!"

"पहाटे ऊन?"

भांडण असं रंगात आलं. कोंबडी कुणी कापली, कुणी खाल्ली, कळलं नाही. ऊन खिडकीतून टेबलावर आलं, तिथून सरकत पेल्यांपर्यंत आलं. बापूंचं नाव निघालं, बापूंच्या आधीच्यांचं निघालं. दादाच्या लग्नात अण्णाने सगळ्यांचे चपला-बूट कसे बदलून ठेवले होते तेही निघालं, आणि त्यावर दादाला मध्येच हसू फुटलं. मग आपण भांडतोय हे आठवून त्याने पुन्हा कपाळाला आठ्या घातल्या. अक्का ऐकत होती. तिला वाटलं, उद्यापासून खाली जायचं नाही, तर निदान ही माणसं वर आहेत. हेही काही कमी नाही.

"पण," टेबलाच्या टोकावरून नवी सून म्हणाली. आवाज बारीक होता, तरी सगळे थांबले. ती बोलेल असं कुणाला वाटलंच नव्हतं. "पण कुणी कुणाला विचारलं का नाही? दाबलं का म्हणून?"

दादाने अण्णाकडे पाहिलं, अण्णाने वहिनीकडे. धाकटा बायकोच्या कानाशी लागून पुटपुटला, "आमच्यात विचारत नाहीत."

"का?"

'बापू' असं म्हणायला दादाने तोंड उघडलं, आणि मिटलं. भर टेबलावर, पाच मोठ्या माणसांसमोर, ते कारण फारच लहान दिसलं असतं.

"आमच्या दुकानात तर दिवसभर विचारतात," सून म्हणाली. "गज मोजला का, घडी केली का. कुणाला काही वाटत नाही." मग आपण फार बोललो असं वाटून तिने मान खाली घातली. "माझ्या लग्नामुळे झालं सगळं. मला फार वाईट वाटतं."

"तुझ्यामुळे काही नाही गं," वहिनी म्हणाली, आणि मग तिची नजर सुनेच्या पेल्यावर गेली. "अगं, तो पेला कुणी रिकामा केला?"

"मी प्यायले."

"बादलीत टाकायचं होतं की, वेडे. आमचं मन राखायला एवढं कशाला..."

"नाही, बरी होती." सुनेने सगळ्यांकडे पाहिलं. "आधी नव्हती. नंतर झाली. कांद्याबरोबर तर छान लागली."

दादा हसला. "मुलगी संस्कारी आहे."

अक्का मात्र हसली नाही. तिने त्या पेल्याकडे पाहिलं. भिडस्त माणूस एखादा घोट गिळतो. फार तर दोन. तळाचा थेंबही उरू नये इतकं कुणी भिडेखातर पीत नाही. सत्तर वर्षांत तिने तसं एकदाही पाहिलं नव्हतं. आणि तिला आठवलं, पोरगी सगळा वेळ पेला दोन्ही हातांत धरून बसली होती. हातांना काही काम नव्हतं म्हणून. ओंजळीत धरल्यासारखा.

अक्काने स्वतःचा पेला ओढला. काच उन्हात राहिली होती, गार नव्हती. तिने हुंगलं. मग डोळे मिटून पुन्हा हुंगलं.

"काय झालं?" दादाने विचारलं.

"थांब."

वाळलेल्या जर्दाळूंची पिशवी उघडावी तसा वास आला. त्याच्यामागून संत्र्याच्या सालीत नख रुतवल्यावर येतो तसा. घोट घेतला. तुरटपणा होता, पण आता तो एकटा नव्हता. त्याला अंग आलं होतं, चांगल्या चहासारखं. घोट गेल्यावरही चव तोंडात रेंगाळली, आणि जीभ पुन्हा मागू लागली.

"प्या," ती म्हणाली.

"पुन्हा?" अण्णा दचकला.

"पी रे. बर्फात मेलं होतं सगळं. कडाक्याच्या थंडीत तुझं नाक बंद होतं की नाही? वास गोठतो आणि तुरटपणा तेवढा वर येतो. मी सुद्धा चाखली ती ऐन हिवाळ्यात. इतकी वर्षं या धंद्यात, आणि शरमेपोटी पुन्हा चाखायचं मला सुचलं नाही."

सगळे प्याले. दादाने कांदा तोंडात टाकला, वर घोट घेतला, आणि टेबलावर थाप मारली. मग आपण कुणाच्या बाजूला बसलोय हे लक्षात येऊन दुसरी थाप जरा हळू मारली.

अण्णा पेला उजेडात धरून फिरवत होता. "म्हणजे नशीब," तो शेवटी म्हणाला. "नशीबच हे, अक्का. कसब नव्हे."

"नशीबच," अक्का म्हणाली. "मी काही केलं नाही. मी तर तिकडे नाचत होते."

"नाचत होतात तुम्ही, हे मात्र खरं," वहिनी म्हणाली. "व्याह्यांबरोबर."

"पण शेवटी एक कडवट टोक लागतं, बघ. लागलं?" अक्काने अण्णाकडे पाहिलं. "ते नशिबाचं. सालींचा थर कुणी खाली ढकलला नाही, म्हणून तो वर सुकला, आंबूस झाला. आणि घाईत देठं तशीच गेली आत, हिरवा कडूपणा त्यांचा. देठं काढून टाकली, थर सकाळ-संध्याकाळ खाली दाबला, आणि हौद रोज चाखला, तर हे टोक राहणार नाही. किती दिवस सालीवर ठेवायचं ते मला आज सांगता येणार नाही. करून बघावं लागेल."

"मुद्दाम?" दादाने विचारलं.

"मुद्दाम."

दादा उठला. पेला घेतला, अण्णाचा पावही घेतला, आणि पुन्हा खिडकीशी आपल्या जागी जाऊन बसला. "माझं मत झालं," तो म्हणाला. "विषय बंद."

आता उरला अण्णा. पण अण्णाचं लक्षच नव्हतं. त्याच्या ओठांची हालचाल चालली होती. माल विकायचा असला की त्याचे ओठ असेच हलायचे. "फार थंड द्यायची नाही," तो स्वतःशीच म्हणत होता. "विहिरीत थोडा वेळ सोडून वर काढली की बस. लाल वाइनच्या मोठ्या पेल्यात द्यायची, म्हणजे वासाला जागा मिळेल. जेवणाआधी नाही, जेवणाबरोबर. कोंबडी, कांदे, खारट चीज... आणि नाव काय सांगायचं लोकांना? पांढरी म्हणावी तर पांढरी नाही."

"आणि तुझा तो शिकलेला माणूस?" वहिनीने विचारलं. "केव्हा येतोय?"

अण्णाने डोळे मिचकावले, जणू कोण माणूस ते आठवत होता. "तो? नाही हो, वहिनी. त्याचा काय उपयोग? तो हुशार आहे. तो हौद विसरलाच नसता."

पहिली हसली ती सून. इतका वेळ आवरलेलं सगळं हसू एकदम सुटलं आणि तिला थांबवता येईना. मग धाकटा हसला, मग दादा, आणि वहिनी तर पदर तोंडाला लावून टेबलावरच वाकली. अण्णा म्हणत होता, "अरे, मी खरंच सांगतोय!" त्याने आणखीच हसू वाढलं. अक्काचे हात पदराबाहेर कधी आले तिला कळलं नाही. एका हातात पेला होता, दुसऱ्याने ती डोळे पुसत होती.

हसणं ओसरल्यावर ती सुनेला म्हणाली, "उद्यापासून तू माझ्याबरोबर खाली येत जा."

"मी? आत्याबाई, मला यातलं काहीच येत नाही."

"तुला विचारता येतं. या घरात ते एकालाही येत नाही. मला पण नाही."

"आणि स्वयंपाकघरात मी एकटी?" वहिनी म्हणाली.

"तुझा मुलगा आहे की. बुचं चांगली काढतो, कांदेही सोलेल."

धाकट्याने बापाकडे मदतीसाठी पाहिलं. दादा खिडकीबाहेर पाहू लागला.

---

पुढच्या हंगामात पांढरी द्राक्षं मुद्दाम सालीसकट आंबायला घातली, आणि ती साफ बिघडली. सालं फार दिवस राहिली, वाइन कडू झाली ती झालीच; सगळं पिंप दारू गाळणाऱ्याकडे गेलं. अण्णाने तक्रार केली नाही; लोकांना सांगायला नाव त्याने आधीच ठरवून ठेवलं होतं, आता माघार घ्यायची नव्हती. त्याच्या पुढच्या वर्षी अक्काने आणि सुनेने सालं कमी दिवस ठेवली. सून सकाळी उठल्याबरोबर विचारायची, "आत्याबाई, थर दाबला का?" अक्का पहिले काही दिवस ऐकून न ऐकल्यासारखं करायची. मग चिडून सांगायची, "दाबला!" आणि शेवटी शेवटी तीच पायरीवरून हाक मारून सुनेला विचारू लागली. त्या वर्षीची वाइन जमली. कडवट टोक गेलं. अण्णाने ती पिंपातूनच विकून टाकली, घरात फक्त दोन बाटल्या उरल्या, त्यावरून पुन्हा भांडण झालं.

दादा त्या हिवाळ्यात, वेली छाटायच्या दिवसांत, छातीत कळ येऊन गेला. अक्काने त्याच्यामागे आणखी चार हंगाम काढले. शेवटच्या हंगामात ती पायऱ्या उतरत नसे. वर खुर्चीत बसायची आणि सून खालून पेला आणून द्यायची. वेलींना फुलोरा आला होता त्या महिन्यात, मंगळवारी, दुपारचं जेवण झाल्यावर अक्का झोपेतच गेली. तेव्हा ती शहात्तर वर्षांची होती.